विश्लेषण : काचिनमधील अत्याचारांचे पुरावे आहेत, मग न्याय का नाही?

२३ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री म्यानमारच्या काचिन राज्यात, फाकांत परिसरातील आ नांग पा येथे गाण्यांचा कार्यक्रम रंगला होता. काचिन स्वातंत्र्य संघटनेचा ६२ वा वर्धापन दिन साजरा करण्यासाठी शेकडो लोक जमले होते. त्यांत संघटनेचे अधिकारी आणि सैनिक होते, तसेच गायक, वादक, व्यापारी आणि सामान्य कुटुंबेही होती. कार्यक्रम सुरू असतानाच लष्कराच्या विमानांनी त्या जागेवर बॉम्ब टाकले. किमान ६० जण मृत्युमुखी पडले. जखमींना रुग्णालयात नेण्याच्या वाटाही लष्कराने अडवल्याच्या तक्रारी आल्या. लष्करी राजवटीने कारवाई केल्याचे मान्य केले, पण सामान्य नागरिक मारले गेल्याच्या बातम्यांना ‘अफवा’ ठरवले. चारच दिवसांनी आसियान देशांचे परराष्ट्रमंत्री म्यानमारवर चर्चा करण्यासाठी जकार्तात जमले. चिंता व्यक्त झाली आणि बैठक संपली.

काचिनच्या गेल्या सहा दशकांच्या इतिहासात यापेक्षा वेगळे क्वचितच घडले. अत्याचार होतात, त्यांची नोंद होते, अहवाल निघतात आणि काही काळाने पुढचा अत्याचार होतो. नोंद आणि न्याय यांच्यातील हे अंतर मिटत का नाही, हा काचिन प्रश्नाचा गाभा आहे.

काचिन म्हणजे नेमके कोण?

काचिन ही एकच जमात नाही. जिंगफॉ, लिसू, रवांग, झाईवा, लाचिक, लॉंगवॉ अशा नातेसंबंधांनी जोडलेल्या समूहांचे हे सामाईक नाव. म्यानमारमधील बहुसंख्य बामार समाज बौद्ध आहे. काचिन बहुतांशी ख्रिस्ती, त्यातही बाप्टिस्ट आणि कॅथलिक. त्यांचे राज्य म्यानमारच्या अगदी उत्तरेला असून एका बाजूला चीनचा युनान प्रांत आणि दुसऱ्या बाजूला अरुणाचल प्रदेश आहे. मिचिना ही राज्याची राजधानी. माली आणि एन’माई या नद्यांच्या संगमातून इरावती नदी इथेच जन्म घेते. शेजारच्या उत्तर शान राज्यातही काचिन वस्ती मोठी आहे.

भारतालाही हा समाज परका नाही. अरुणाचल आणि आसाममधील सिंगफो हे जिंगफॉ समाजाचेच भाऊबंद. आसाममधील चहाचा इतिहास ज्या सिंगफो सरदारापासून सांगितला जातो, तो याच समूहातला. सीमा आखली गेली तेव्हा एकाच कुळाचे लोक दोन-तीन देशांत विभागले गेले.

संघर्षाची मुळे कुठे आहेत?

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे जनरल आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. डोंगराळ प्रदेशांना अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता देण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले होते. या आश्वासनावर विसंबून हे समाज नव्या देशात सामील झाले. पाच महिन्यांनी, १९ जुलै रोजी आँग सान यांची हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, पण पांगलाँगचा शब्द कागदावरच राहिला. आजही म्यानमारमध्ये १२ फेब्रुवारी हा ‘संघराज्य दिन’ म्हणून साजरा होतो. ज्यांच्याशी करार झाला त्यांच्या गावांवर तोफा डागल्या जात असतानाही.

पुढच्या दशकभरात नाराजी वाढत गेली. १९६० च्या सीमा करारात काचिन भागातील तीन गावे चीनला देण्यात आली. १९६१ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारने बौद्ध धर्माला राजधर्माचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला काचिन स्वातंत्र्य सेना, म्हणजे ‘केआयए’ उभी राहिली. काचिन स्वातंत्र्य संघटना, अर्थात ‘केआयओ’, ही तिची राजकीय शाखा. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि वाटाघाटींची उरलीसुरली शक्यताही संपली. त्यानंतरची तीन दशके काचिन डोंगरांत युद्धातच गेली.

शस्त्रसंधी का मोडली?

२४ फेब्रुवारी १९९४ रोजी लष्कर आणि केआयओ यांच्यात शस्त्रसंधी झाली. ती १७ वर्षे टिकली. मात्र ती केवळ गोळीबार थांबवणारी होती. राजकीय हक्कांवर चर्चा नंतर होईल, असे सांगण्यात आले आणि ती कधीच झाली नाही. या काळात बंदुका शांत राहिल्या, तरी जंगले तोडली गेली, जेडच्या खाणी लष्कराशी लागेबांधे असलेल्या कंपन्यांच्या ताब्यात गेल्या आणि लोकांच्या जमिनी प्रकल्पांसाठी घेतल्या गेल्या.

इरावतीच्या उगमाजवळचे मित्सोन धरण हे त्याचे ठळक उदाहरण. चिनी सरकारी कंपनीच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या ६ हजार मेगावॉटच्या प्रकल्पातील सुमारे ९० टक्के वीज चीनला जाणार होती. बुडणार होती ती काचिन गावे. प्रचंड विरोधानंतर ३० सप्टेंबर २०११ रोजी तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी हे काम थांबवले.

तोपर्यंत युद्ध पुन्हा पेटले होते. २००८ च्या राज्यघटनेनंतर लष्कराने सर्व सशस्त्र गटांना आपल्या अधिपत्याखालील ‘सीमा रक्षक दल’ होण्यास सांगितले. केआयओने नकार दिला. ९ जून २०११ रोजी तापिंग जलविद्युत प्रकल्पाजवळ चकमक झडली आणि शस्त्रसंधी संपुष्टात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थेन सेन यांनी हल्ले थांबवण्याचा आदेश दिला, पण लष्कराचे हल्ले सुरूच राहिले. देशाच्या अध्यक्षाचा शब्दही जिथे आघाडीवर पोहोचत नाही, तिथे ‘लोकशाहीकडे वाटचाल’ कितपत खरी होती, हे काचिन जनतेला जगाच्या आधी कळले.

अत्याचारांचे स्वरूप काय?

म्यानमारच्या लष्कराने १९६० च्या दशकात ‘चार काटछाटी’ हे धोरण आखले. बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि मनुष्यबळ हे चार स्रोत तोडायचे, असा त्याचा अर्थ. या चारही गोष्टी बंडखोरांना गावांतून मिळतात, असे गृहीत धरले की गाव हेच लक्ष्य ठरते. घरे आणि धान्याची कोठारे जाळणे, गुरे मारणे, गावकऱ्यांना हुसकावणे हे मग शिस्तभंगाचे प्रकार उरत नाहीत. ती युद्धाची पद्धत बनते.

२०११ नंतरच्या नोंदी हेच सांगतात. ह्यूमन राइट्स वॉच, फॉर्टिफाय राइट्स, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि स्थानिक काचिन महिला संघटनांनी गोळा केलेल्या साक्षींमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पुरुषांना पकडून दारूगोळा वाहणारे हमाल म्हणून जुंपणे, भूसुरुंग असू शकतील अशा वाटेवर त्यांना पुढे चालवणे, केआयएशी संबंध असल्याच्या संशयावरून छळ करून कबुलीजबाब घेणे, ‘बेकायदा संघटने’च्या कायद्याखाली तुरुंगात टाकणे. शेतकरी, छावणीतले मजूर, गुराखी असे कोणीही यातून सुटलेले नाहीत.

महिलांवरील लैंगिक अत्याचार हा याच पद्धतीचा भाग असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ आणि २०१९ मध्ये नोंदवले. जानेवारी २०१५ मध्ये उत्तर शान राज्यातील एका खेड्यात काचिन बाप्टिस्ट चर्चच्या दोन तरुण स्वयंसेवी शिक्षिकांवर बलात्कार करून त्यांची हत्या करण्यात आली. घटनास्थळाजवळ लष्कराची तुकडी तळ ठोकून होती. लष्कराने आरोप फेटाळले आणि आरोप करणाऱ्यांवरच कारवाईचा इशारा दिला. या गुन्ह्यात आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. चर्चने स्वतः चौकशीचा पाठपुरावा केला, पण जिथे तपास यंत्रणा संशयितांनाच जबाबदार असते तिथे तो कुठवर पोहोचणार?

छावण्यांतील जिणे कसे?

२०११ नंतर काचिन आणि उत्तर शानमध्ये एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. सव्वाशेहून अधिक छावण्यांत ते विखुरले गेले. बांबू आणि ताडपत्रीच्या तात्पुरत्या झोपड्यांत ज्यांचा जन्म झाला, ती मुले आता शाळा संपवण्याच्या वयाला आली. गावातले मूळ घर त्यांनी पाहिलेलेच नाही. २०२१ नंतर त्यांत नव्या विस्थापितांची भर पडत राहिली आहे.

या छावण्यांचा मोठा भाग केआयओच्या ताब्यातील सीमावर्ती प्रदेशात आहे. २०१६ च्या मध्यापासून संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचे ताफे या भागात जाऊ देणे सरकारने जवळपास बंद केले. तेव्हा आँग सान स्यू ची यांचा पक्ष सत्तेत होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ‘एकविसाव्या शतकातील पांगलाँग’ नावाने शांतता परिषदही भरवली होती, हे लक्षात घेण्याजोगे. मदत अडवण्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. प्रवासाचा परवाना न देणे पुरेसे असते. तांदूळ, औषधे, ताडपत्री गोदामात पडून राहतात आणि छावणीतले लोक हळूहळू खचतात.

या कोंडीचा सर्वात अदृश्य परिणाम मुलींवर झाला. २०१९ च्या मार्चमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने काचिन आणि उत्तर शानमधून चीनमध्ये ‘वधू’ म्हणून विकल्या गेलेल्या, नंतर सुटून आलेल्या ३७ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. सीमेपलीकडे कामाचे आमिष, ओळखीच्या किंवा नात्यातल्या दलालाचा शब्द आणि मग कोंडून ठेवणे, वारंवार बलात्कार, मूल होईपर्यंत सुटका नाही. चीनमध्ये अनेक वर्षांच्या एक-मूल धोरणामुळे मुलींची संख्या घटली. सीमेच्या अलीकडे युद्धाने घरातला कमावता माणूस आणि शेत दोन्ही हिरावले. या दोन टंचाया एकमेकींना भेटल्या, त्या ठिकाणी तस्करांचा बाजार उभा राहिला.

२०२१ च्या सत्तांतरानंतर काय बदलले?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सरसेनापती मिन आँग लाइंग यांनी निवडून आलेले सरकार उलथवले. मिचिनाच्या रस्त्यावर सशस्त्र पोलिसांसमोर गुडघे टेकून ‘मुलांना मारू नका, हवे तर मला मारा’ अशी विनवणी करणाऱ्या कॅथलिक ननचे छायाचित्र तेव्हा जगभर पोहोचले. निदर्शकांवर गोळीबार सुरू झाल्यानंतर केआयएने मार्चमध्ये लष्करी तळांवर हल्ले केले. लष्कराविरोधात शस्त्र उचलू इच्छिणाऱ्या बामार तरुणांना प्रशिक्षण देण्याचे कामही तिने केले. जे बामार नागरिक काचिनकडे ‘फुटीर’ म्हणून पाहत, त्यांच्यातल्या अनेकांना याच काळात काचिन जनतेने दशकानुदशके काय सोसले याची जाणीव झाली.

जमिनीवर माघार घ्यावी लागल्यावर लष्कराने विमाने आणि तोफांवरची भिस्त वाढवली. आ नांग पाच्या हल्ल्यानंतर वर्षभरातच, ९ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, केआयओचे मुख्यालय असलेल्या लायझाजवळच्या मुंग लाय ख्येत विस्थापित छावणीवर स्फोट झाला. किमान २८ जण ठार झाले. त्यांत १० हून अधिक मुले होती. एका युद्धातून पळून आलेल्या कुटुंबांना छावणीत झोपेतच मृत्यूने गाठले. लष्कराने हात झटकले आणि साठवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला असावा, असे सुचवले. अ‍ॅम्नेस्टीने अवशेष आणि छायाचित्रांच्या अभ्यासातून मात्र लष्कराकडील सर्वात मोठ्या बॉम्बपैकी एक वापरला गेल्याचा निष्कर्ष काढला.

धर्मगुरूही सुटले नाहीत. काचिन बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचे माजी प्रमुख रेव्हरंड खलाम सॅमसन यांनी २०१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना भेटून काचिनमधील स्थिती मांडली होती. डिसेंबर २०२२ मध्ये, लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासामुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या मंडालेतील विमानतळावर त्यांना अडवण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२४ मध्ये माफी मिळून ते घरी आले आणि काही तासांतच त्यांना पुन्हा नेण्यात आले. अखेर जुलै २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली.

केआयएचे हात स्वच्छ आहेत का?

नाहीत, आणि हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. अल्पवयीन मुलांची भरती करणाऱ्या पक्षांच्या संयुक्त राष्ट्र महासचिवांच्या यादीत म्यानमारच्या लष्करासोबत केआयएचेही नाव आहे. भूसुरुंग दोन्ही बाजूंनी पेरले. लँडमाइन मॉनिटरच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये म्यानमारमध्ये सुरुंगांनी १ हजार ३ जण ठार वा जखमी झाले. त्या वर्षी जगात ही संख्या सर्वाधिक होती. काचिन राज्यात राहणाऱ्या शान-नीसारख्या छोट्या समाजांनी केआयएवर सक्तीच्या भरतीचे आरोप केले आहेत. स्वायत्ततेसाठी लढणाऱ्यांनी आपल्या ताब्यातील अल्पसंख्याकांशी कसे वागावे, हा प्रश्न भविष्यातही त्यांची पाठ सोडणार नाही.

पण दोन्ही बाजूंच्या गुन्ह्यांना सारखेच माप लावायचे तर प्रमाणही पाहावे लागेल. विमाने एकाच बाजूकडे आहेत. मदत अडवणारे परवाने एकाच बाजूच्या हातात आहेत. २०१८ च्या सत्यशोधन समितीने सर्व पक्षांची चौकशी करूनही मुख्य जबाबदारी लष्करावर ठेवली, ती याच कारणाने.

जेड आणि दुर्मीळ खनिजांचा संबंध काय?

काचिनची जमीन श्रीमंत आहे, हेच तिथल्या लोकांच्या दारिद्र्याचे एक कारण. फाकांतमध्ये जगातील सर्वोत्तम दर्जाचे जेड मिळते. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या अंदाजानुसार २०१४ या एका वर्षात म्यानमारच्या जेडचे मूल्य ३१ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास निम्मे होते. त्याचा लाभ लष्करी घराणी, त्यांच्या मर्जीतील कंपन्या आणि दलालांना झाला. करातून आणि व्यापारातून केआयओलाही पैसा मिळाला. ढिगाऱ्यांत उरलेसुरले तुकडे शोधणाऱ्या मजुरांच्या वाट्याला दरडी आल्या. २ जुलै २०२० रोजी एकाच दरडीत १७० हून अधिक जण गाडले गेले.

जेडनंतर आता ‘रेअर अर्थ’ या दुर्मीळ खनिजांची पाळी आहे. चिनी सीमेलगतच्या चिपवी आणि पांगवा भागातील मातीत डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड दुर्मीळ मूलद्रव्ये सापडतात. इलेक्ट्रिक वाहनांच्या मोटारी आणि पवनचक्क्यांतील चुंबकांसाठी ती लागतात. डोंगराला छिद्रे पाडून त्यात रसायने सोडायची आणि पाझरलेले द्रावण हौदांत जमा करायचे, अशी ही पद्धत. २०२२ मध्ये ग्लोबल विटनेसने उपग्रह छायाचित्रांतून जवळपास ३०० ठिकाणी असे २ हजार ७०० हून अधिक हौद मोजले होते. त्यांतून ओढे दूषित झाले, डोंगरउतार खचले. तेव्हा हा प्रदेश लष्कराशी संलग्न सशस्त्र गटाच्या ताब्यात होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केआयएने पांगवा जिंकले आणि जगाच्या खनिज बाजाराने काचिनची दखल घेतली. मुंग लाय ख्येतच्या मुलांना जी दखल मिळाली नाही ती डिस्प्रोसियमला मिळाली.

चीनची भूमिका कोणती?

चीनला सीमेवर स्थैर्य, खनिजांचा अखंड पुरवठा आणि पाश्चात्त्यांचा अटकाव हवा आहे. काचिन जनतेचे हक्क या यादीत नाहीत. २०१२ मध्ये युनानमध्ये आश्रय घेतलेल्या हजारो काचिन निर्वासितांना चीनने परत युद्धक्षेत्रात पाठवले. संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेत २००७ मध्ये म्यानमारवरील ठराव चीन आणि रशियाने नकाराधिकाराने रोखला होता. केआयएने २०२४ मध्ये एकामागून एक सीमा नाकी घेतल्यावर चीनने व्यापाराची दारे बंद करून दबाव आणला. डिसेंबर २०२४ पासून केआयएने इरावतीकाठच्या भामो शहराला वेढा घातला. तो थांबवला नाही तर खनिजांची खरेदी बंद करू, असा इशारा चीनने दिल्याचे वृत्त रॉयटर्सने जुलै २०२५ मध्ये दिले होते. चीनकडे दबाव टाकण्याची ताकद आहे, हे यातून सिद्ध होते. विस्थापितांच्या छावण्यांवर बॉम्ब टाकू नका, एवढे सांगण्यासाठी ती लष्करावर वापरल्याचे मात्र दिसत नाही.

न्यायाची वाट कुठे अडते?

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत म्हटले की, काचिन आणि शानमध्ये लष्कराने केलेली कृत्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे ठरतात. मिन आँग लाइंग यांच्यासह वरिष्ठ अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, अशी शिफारसही केली. राखाइनमधील रोहिंग्यांबाबत समितीने वंशसंहाराच्या हेतूचा मुद्दाही मांडला. दोन्हीकडची पद्धत मात्र बरीचशी सारखी होती. २०१७ मध्ये राखाइनमध्ये उतरवलेली ९९ वी लाइट इन्फंट्री डिव्हिजन त्याआधी उत्तर शानमधील अत्याचारांसाठी कुप्रसिद्ध झाली होती. काचिन आणि शानमधील गुन्ह्यांना वेळीच आळा बसला असता तर राखाइनमध्ये काय घडले असते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तरीही दोन्ही समाजांची न्यायालयीन वाट वेगळी झाली. म्यानमार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाला अधिकार मिळाला तो बांगलादेशामुळे. रोहिंग्यांना सीमेपलीकडे ज्या देशात हाकलले गेले तो देश सदस्य असल्याने गुन्ह्याचा एक भाग सदस्य देशाच्या भूमीवर घडला, असे मानण्यात आले. त्याच आधारावर नोव्हेंबर २०२४ मध्ये अभियोक्त्यांनी मिन आँग लाइंग यांच्या अटक वॉरंटसाठी अर्ज केला.

काचिन माणूस सीमा ओलांडून जाणार कुठे? चीनमध्ये किंवा भारतात. दोन्ही देश या न्यायालयाचे सदस्य नाहीत. म्हणजे एकाच लष्कराने केलेल्या गुन्ह्यांपैकी कोणते न्यायालयासमोर येतील, हे पीडित कोणत्या दिशेने पळाला यावर ठरते. आंतरराष्ट्रीय न्यायालयातील गाम्बिया विरुद्ध म्यानमार हा खटलाही वंशसंहारविरोधी करारापुरता आणि रोहिंग्यांपुरता आहे. सुरक्षा परिषदेने संपूर्ण म्यानमारचे प्रकरण फौजदारी न्यायालयाकडे सोपवणे हा सरळ मार्ग. पण तिथे चीन आणि रशियाचा नकाराधिकार आडवा येतो. लष्कराला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय एकता सरकारने २०२१ मध्ये न्यायालयाचा अधिकार मान्य करणारी घोषणा केली, तथापि या सरकारला मान्यता द्यायची की नाही, याच मुद्द्यावर ती अडून आहे.

उरते ती म्यानमारसाठीची स्वतंत्र तपास यंत्रणा. २०१८ मध्ये स्थापन झालेली आणि २०१९ पासून कार्यरत असलेली ही यंत्रणा काचिनसह सर्व भागांतील पुरावे जतन करते. ती खटला चालवू शकत नाही. उद्या एखादे न्यायालय तयार झाले तर फायली तयार असाव्यात, हे तिचे काम.

भारताचा संबंध किती?

भारताची म्यानमारशी १ हजार ६४३ किलोमीटरची सीमा आहे. ईशान्येतील बंडखोरांविरोधात म्यानमारच्या लष्कराचे सहकार्य लागते आणि चीनला मोकळे रान मिळू नये ही चिंता आहे, म्हणून भारताने लष्करी राजवटीशी संबंध राखले. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने हिंसाचार थांबवण्याची मागणी करणारा २६६९ क्रमांकाचा ठराव संमत केला, तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि चीन व रशियासह भारत तटस्थ राहिला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, सत्तांतरानंतर भारतातील सरकारी व खासगी कंपन्यांकडून म्यानमारच्या लष्कराला सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची शस्त्रास्त्रे आणि संबंधित सामग्री गेली. रशिया आणि चीनच्या तुलनेत ही रक्कम लहान आहे, पण ती शून्य नाही.

दुसरीकडे, २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा पुण्याच्या वाहन उद्योगापर्यंत त्याची झळ पोहोचली. बजाज ऑटोला चुंबकांच्या टंचाईमुळे इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन कमी करावे लागले. सप्टेंबरमध्ये रॉयटर्सने वृत्त दिले की, भारत केआयएच्या मदतीने काचिनमधील खनिजांचे नमुने मिळवण्याच्या प्रयत्नात आहे. राजवटीशी मैत्री राखत तिच्या विरोधकांकडून खनिज मिळवण्याचा हा प्रयत्न व्यवहार म्हणून समजण्यासारखा आहे. मात्र त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांच्या पाण्याचे, जमिनीचे आणि सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न व्यवहाराच्या बाहेर ठेवला तर भारत आणि चीन यांच्यात काचिन जनतेला फरक दिसणार नाही.

मग पुढे काय?

लष्करी राजवटीने डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणुका घेतल्या. युद्ध सुरू असलेल्या प्रदेशांत मतदान झालेच नाही. नागरी वेशातील सरकारशी व्यवहार करणे शेजाऱ्यांना सोयीचे वाटेल. काचिनचा अनुभव सांगतो की, अशा सोयीची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. १९४७ चा करार पाळला गेला नाही, १९९४ ची शस्त्रसंधी राजकीय तोडग्याविना राहिली, २०११ नंतरच्या ‘सुधारणां’च्या काळात बॉम्ब पडत राहिले. प्रत्येक वेळी आधी शांतता, मग हक्क, असे सांगण्यात आले आणि हक्कांची वेळ आलीच नाही.

म्हणून पुढची बोलणी होतील तेव्हा तीन गोष्टी पुढे ढकलता येणार नाहीत. मदतीच्या ताफ्यांना विनाअट वाट मिळणे, विमानांचे इंधन आणि सुटे भाग लष्कराला मिळण्यावर बंदी आणि गुन्ह्यांना माफी न देण्याची अट. खनिजांचे सौदे करणाऱ्या देशांनी, भारतानेही, यांतील निदान पहिली अट आपल्या करारांत घालावी. त्यासाठी सुरक्षा परिषदेच्या परवानगीची गरज नाही. न्यायालय उभे राहायला वर्षे लागतील. तांदळाचा ट्रक छावणीपर्यंत पोहोचायला एका शेजाऱ्याने ठामपणे आग्रह धरला तरी पुरे. तेवढेही होत नसेल, तर काचिनमधील अत्याचारांची पुरेशी माहिती नव्हती, असे म्हणण्याची सोय कोणालाच उरत नाही.